पुस्तकाला लागलेला पाय

डोंबिवली पूर्वेच्या एका जुन्या वाचनालयात मी बरीच वर्षं काम करते आहे. नवीन पुस्तक आलं की त्याला आधी खाकी कागदाचं कव्हर घालायचं, पाठीवर नंबराची चिठ्ठी चिकटवायची आणि मगच ते कपाटात ठेवायचं. हे काम मी दुसऱ्या कोणाला करू देत नाही. ही सवय मला घरून लागली. आमचे वडील शिक्षक होते. शाळा सुरू होण्याआधीच्या रविवारी आम्ही दोघी बहिणी त्यांच्यासमोर बसून वह्या-पुस्तकांना कव्हरं घालत असू. हात धुतल्याशिवाय पुस्तकाला हात लावायचा नाही. पानाचा कोपरा दुमडायचा नाही. पाय लागला तर पुस्तक उचलून कपाळाला लावायचं. कोणी समासात काही गिरगटलंच, तर वडील चष्मा काढून एवढंच म्हणायचे, "सरस्वती कोपते." ते आवाज चढवत नसत. तशी गरजच पडत नसे. मी तेवढ्याने रडकुंडीला यायची.

माझ्या बहिणीवर मात्र या शब्दांचा कधी परिणाम झाला नाही. ती माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. लग्न होऊन कल्याणजवळ मोहन्याला गेली आणि तिथे एका बालवाडीत शिकवू लागली. शनिवारी दुपारी ती आजूबाजूची दहा-बारा मुलं घरी गोळा करायची आणि त्यांना चित्रांची पुस्तकं वाचून दाखवायची. पुस्तकं माझ्या कार्डावर नेलेली असत. ती पुस्तक सरळ जमिनीवर पसरायची आणि मुलं त्याच्याभोवती पालथी पडून ऐकायची. कोणाचे हात शेंगदाण्याच्या लाडवाने चिकट झालेले, कोणाचं नाक वाहतंय. मी एकदाच ते पाहिलं आणि पुन्हा शनिवारी तिच्याकडे गेले नाही.

गेल्या वर्षी श्रावणाच्या तोंडावर तिने परत पाठवलेल्या पिशवीत एक पुस्तक होतं. आजीबरोबर बाजारात जाणाऱ्या एका मुलीची साधी गोष्ट. पानं तपासायला मी ते उघडलं आणि माझा हात तिथेच थांबला. प्रत्येक पानावर त्या मुलीचा चेहरा, हात, पाय मेणाच्या खडूने तपकिरी रंगवलेले होते. आजीचेसुद्धा. खाली छापलेला गुलाबी रंग कडेकडेने जेमतेम दिसत होता.

मी तिला लगेच फोन लावला. तिने शांतपणे सगळं सांगितलं. खडूच्या पेटीत एक फिकट गुलाबी खडू असतो, त्याला सगळी मुलं स्किन कलर म्हणतात. तिच्या मुलीने शाळेत चित्रातला चेहरा तपकिरी रंगवला, तेव्हा शेजारची मुलगी म्हणाली की हा मातीचा रंग आहे, चेहऱ्याचा नाही. माझी भाची तेव्हा सहा वर्षांची होती. रंगाने ती आईसारखी, सावळ्याच्याही थोडी पुढे. घरी येऊन तिने विचारलं, मग माझा चेहरा चुकलाय का?

"मी तो गुलाबी खडू पेटीतून काढूनच टाकला," बहीण म्हणाली. "आणि म्हटलं, पुस्तकातलीच चूक दुरुस्त करू. ताई, तिला किती आनंद झाला सांगू? म्हणते, आई, ही मीच आहे."

हे ऐकून मी नरमायला हवं होतं. पण माझ्या मांडीवर वाचनालयाचं खराब झालेलं पुस्तक होतं आणि माझ्या तोंडून वडील बोलले. मी म्हणाले, "पुस्तकाची अशी विटंबना केली की सरस्वती कोपते. काहीतरी वाईट होईल ना, तेव्हा कळेल तुला."

ती हसली. "तू ना, अगदी बाबा झालीयेस," म्हणाली आणि पोळी करपतेय म्हणून तिने फोन ठेवला.

मी त्या पुस्तकाची नवी प्रत आणून वाचनालयात ठेवली. खराब झालेल्या प्रतीला खाकी कव्हर घातलं आणि ती घरी माझ्या कपाटावर ठेवून दिली. फेकवली नाही. पुस्तक कसं फेकायचं?

त्या फोननंतर आठ दिवसांनी बहिणीला ताप आला. पाचव्या दिवशी कल्याणच्या दवाखान्यातच ती आम्हाला सोडून गेली. याहून जास्त मला त्याबद्दल लिहिता येत नाही. बऱ्याचदा प्रयत्न केला.

दहाव्याला जमलेल्या बायकांपैकी एका वयस्क बाईंनी माझ्या भाचीला माझ्या मांडीत ढकललं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, माय मरो पण मावशी जगो, म्हणतात ते काय उगीच? त्यांनी ते मायेनेच म्हटलं. पण त्या क्षणी मला जी भीती वाटली ती अजून गेलेली नाही. मला मुलांचा अनुभव नाही. मी लग्न केलं नाही. मला पुस्तकं नीट ठेवता येतात, एवढंच.

भाचीच्या वडिलांची कंपनीत तीन पाळ्यांची नोकरी. त्यांच्या सोयीने ठरलं की मुलगी माझ्याकडे राहील, डोंबिवलीतच शाळेत जाईल आणि रविवारी ते येऊन भेटतील. ती आली तेव्हा तिच्याकडे एक दप्तर आणि कपड्यांची पिशवी होती. घरात ती हळू आवाजात, अगदी लागेल तेवढंच बोलायची. पाणी पिऊ का. आत जाऊ का. शाळेत मात्र तिने तोंडच उघडलं नाही. पहिल्या आठवड्यात बाई म्हणाल्या, नवीन आहे, रुळेल. महिन्याने म्हणाल्या की मधल्या सुट्टीतही ती कोणाशी बोलत नाही. सहामाहीच्या तोंडी परीक्षेत तिने एकही शब्द उच्चारला नाही, तेव्हा त्यांनी तिच्या वडिलांना आणि मला बोलावून सांगितलं की दिवाळीनंतरच्या पालकसभेपर्यंत वाट पाहू, नाहीतर तिला खालच्या वर्गात बसवावं लागेल.

शाळेच्या फाटकाबाहेर तिचे वडील बराच वेळ चप्पल मातीत घासत उभे होते. मग म्हणाले, "तसं झालं तर ताई, मी तिला गावी आईकडे नेऊन ठेवतो. देवरुखच्या पुढे लहानशी शाळा आहे, सगळी ओळखीची माणसं. तुमच्यावर तरी किती टाकायचं?"

त्यांचं चूक नव्हतं. पण मुलगी गावी गेली की बहिणीचं माझ्याजवळ काहीच उरणार नव्हतं. मी भाचीसाठी घाबरले होते की स्वतःसाठी, हे मी तेव्हा नीट तपासलं नाही. पालकसभेला पाच आठवडे होते.

ठाण्याला मुलांच्या एका डॉक्टरबाईंकडे मी तिला घेऊन गेले. त्यांनी कान, घसा तपासायला लावलं, तिच्याशी खेळल्या आणि मला सांगितलं की बोल म्हणून मागे लागू नका. चित्रांची पुस्तकं वाचा तिच्याबरोबर. तिला स्वतःसारखं कोणीतरी त्यात दिसेल अशी. मला बहिणीची आठवण झाली आणि मी मान खाली घातली. नवरात्राचे दिवस होते. परत येताना टेंभी नाक्यावर देवीच्या दर्शनाची गर्दी होती. मंडपातली देवी रस्त्यावरूनही दिसत होती. भाचीने एकदा वर पाहिलं आणि माझ्या साडीत तोंड खुपसलं. तिचे ओठ हलत होते. मी वाकून कान दिला, तर ती पुटपुटत होती, "चुकलं, चुकलं, चुकलं." मला वाटलं, गर्दीला आणि ढोलांना घाबरली. मी तिला उचलून रिक्षात बसवलं.

आमचं वाचनालय दुपारी बंद असतं. त्या वेळात मी तिला वाचून दाखवू लागले. निवडून पाच पुस्तकं घरी आणली. सगळ्यांना अर्थात खाकी कव्हरं होती. बाहेरून पाचही सारखीच, सरकारी कागदपत्रांसारखी. तिने कुठलं हवं ते निवडावं म्हणून मी समोर मांडायची आणि ती नुसतीच बघत बसायची. मला कितीतरी दिवस कळलं नाही की मी चित्रंच झाकून ठेवली होती. आधी तिला हात धुवायला लावायची. ती मांडी घालून ताठ बसायची, पानाचा कोपरा दोन बोटांच्या टोकांनी धरून उलटायची आणि उलटून झालं की बोटं फ्रॉकला पुसायची. मी मनात म्हणायची, किती शहाणी आहे. बहिणीपेक्षा माझ्यावर गेली आहे.

दिवाळीच्या सुट्टीतली एक दुपार. आम्ही जमिनीवर बसलो होतो. आजीबरोबर बाजारात जाणाऱ्या मुलीच्या पुस्तकाची नवी, स्वच्छ प्रत मी मुद्दाम आणली होती. मी पाणी आणायला उठले, तिने पाय लांब केला आणि तिची टाच पुस्तकाला लागली. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होते. तिने झटकन पुस्तकाला हात लावून कपाळाला लावला. मग पुन्हा. मग पुन्हा. आठ वेळा.

"आठ केले," ती म्हणाली. "आता कोणी जाणार नाही ना, मावशी?"

मी विचारलं, कोण कुठे जाणार आहे?

"आई गेली तसं."

मी तिच्याशेजारी बसले. तिच्या तोंडून सगळं यायला बराच वेळ लागला. ती एक वाक्य बोलायची आणि थांबायची, आपल्या बोलण्याने काही होतंय का ते बघायची. त्या दिवशी आईचे हात पिठाचे होते म्हणून फोन तिने धरला होता. आवाज मोठा केला होता. मी बोललेला प्रत्येक शब्द तिने ऐकला होता.

"पण रंग आईने नाही दिलेला," ती म्हणाली. "मी दिलेला. आईने फक्त खडू दिलेले. तू आईला ओरडलीस आणि मग आठ दिवसांनी आईला ताप आला. मी मोजलेले."

शाळेत का बोलत नाहीस, हे मी विचारलं नव्हतं. तिने आपणहून सांगितलं. वाचताना चुकलं तर? आधी आई गेली. आता बाबा आहेत आणि मावशी आहे.

इतके दिवस मी त्या मुलीला रोज हात धुवायला लावून त्याच भीतीसमोर नेऊन बसवत होते. मी म्हणाले, बाळा, ते खरं नव्हतं.

"मग तू का बोललीस?"

"माझे बाबा तसं म्हणायचे म्हणून."

"त्यांचं खरं होतं?"

"नाही," मी म्हणाले. "त्यांचंही खरं नव्हतं." वडिलांबद्दल हे मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं.

तिचा विश्वास बसला नाही, हे मला दिसलं. बसणार तरी कसा? आठ दिवस तिने स्वतः मोजले होते. माझ्याकडे नुसते शब्द होते, आणि शब्दांनीच तर हे झालं होतं. मग मी काय केलं ते लिहायला आजही संकोच वाटतो. मी त्या पुस्तकाचं खाकी कव्हर काढलं. पुस्तक फरशीवर ठेवलं. उभी राहिले आणि उजवा पाय, पूर्ण तळवा, त्याच्यावर ठेवला. गार, गुळगुळीत मुखपृष्ठ. त्यावरची मुलगी माझ्या पायाखाली होती. भाचीने दोन्ही हातांनी माझा घोटा धरला आणि ओढू लागली. "मावशी, नको. मावशी, नमस्कार कर ना." मी नमस्कार केला नाही. हात आपोआप वर येत होते, ते मी पदरात धरून ठेवले.

"आपण आठ दिवस बघू," मी म्हणाले. "मी कुठेही जात नाही."

बोलून गेले आणि मग उमगलं. मी त्रेपन्न वर्षांची, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारी बाई. या आठ दिवसांत मला काही झालं, जिन्यावरून पाय घसरला, रिक्षाची धडक बसली, तर ही मुलगी जन्मभर तोंड उघडणार नाही. देवाला मी तितकीशी मानत नाही. पण तेव्हापासून पुढचे आठ दिवस मी जशी घाबरून जगले तशी बहीण दवाखान्यात असतानाही घाबरले नव्हते. तेव्हा निदान आशा वाटत होती.

मी रस्ता ओलांडताना थांबून थांबून ओलांडू लागले. वाचनालयात शिडीवर चढले नाही. वरच्या कप्प्यातलं पुस्तक मागणाऱ्या सभासदांना उद्या या म्हणाले. ते म्हणाले, पुस्तक तर इथून दिसतंय. मी म्हणाले, उद्या या. सकाळी उजाडताना मला जाग यायची ती नाकाखाली काहीतरी लागल्याने. भाचीचं बोट असायचं. ती माझा श्वास बघत असायची. मी डोळे उघडले की बोट काढून घ्यायची आणि आकडा सांगायची. दोन. तीन.

चौथ्या दिवशी माझा घसा धरला. एमआयडीसीकडून वारा आला की आमच्याकडे निम्म्या बिल्डिंगचा घसा धरतो, तसंच असेल म्हणून मी मनाची समजूत घातली. दुपारपर्यंत अंगात कणकण आली. मी न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून, गुळण्या करू लागले.

बाहेरून आवाज आला, "मावशी, काय करतेस?"

"भांडी घासतेय."

"बाथरूममध्ये?"

मी दार उघडलं. तिने माझ्या हाताला हात लावला. खोटं बोलावं असं फार वाटलं. पण तिच्याशी आणखी खोटं बोलायची माझी हिंमत नव्हती. मी म्हणाले, "हो, ताप आहे थोडा. सर्दीचा. उतरेल." ती जेवली नाही. मी गोळी घेऊन पडले होते आणि ती समोरच्या कपाटातलं एकेक पुस्तक काढून कपाळाला लावत होती. पहिला कप्पा, दुसरा कप्पा. मी थांबवलं नाही. मला स्वतःला आतून वाटत होतं की करू दे, काय जातंय? एवढी वर्षं पुस्तकांत घालवून मी इथवर आले होते. पाचव्या दिवशीही ताप होता. बहीण पाचव्या दिवशी गेली होती. हे आम्हा दोघींना माहीत होतं आणि आम्ही दोघींनी त्याचा उच्चार केला नाही.

सहाव्या दिवशी ताप उतरला. त्या दुपारी तिने कपाटाला हात लावला नाही. सातव्या दिवशी मी तिच्यासाठी थालीपीठ लावलं आणि तिने दोन खाल्ली. आठव्या दिवशी ती दिवसभर माझ्या मागे मागे फिरली. नवव्या दिवशी सकाळी नाकाखाली बोट आलं, थांबलं आणि मग ती, जरा आश्चर्याने, म्हणाली, "नऊ."

तो रविवार होता. मी तिच्या वडिलांना मोहन्याहून खडूची जुनी पेटी आणायला सांगितलं होतं. पेटीत गुलाबी खडूची जागा रिकामी होती. मी कपाटावरची प्रत खाली काढली, खाकी कव्हर फाडलं आणि तिच्यापुढे ठेवली. तिला वाटलं होतं की मी ती जाळून टाकली असेल. तिने पानं उलटली. या वेळी बोटं पुसली नाहीत. मधल्या दोन पानांवर आजीचे हात रंगवायचे राहिले होते. मी तपकिरी खडू घेतला आणि वाचनालयाच्या पुस्तकात, माझ्या हाताने, रंगवायला लागले.

"नुसता तपकिरी नाही," ती म्हणाली. "आधी केशरी हळू घासायचा. मग वरून तपकिरी. म्हणजे आईचा होतो." मग थोडं बघून म्हणाली, "मावशी, रेघेच्या बाहेर गेलं."

मी चटकन हात मागे घेतला.

"चालतं," ती म्हणाली. "आई म्हणायची, चालतं."

तिचे वडील खुर्चीवर बसून हे ऐकत होते. तेही तिच्याकडून इतकी वाक्यं बऱ्याच दिवसांनी ऐकत होते. पण शाळा म्हणजे घर नव्हे, आणि पालकसभेला सहा दिवस उरले होते.

सोमवारी तिने ते पुस्तक दप्तरात घातलं. मी कव्हर घालू का, असं विचारणार होते. विचारलं नाही. दुपारी ती नेहमीसारखीच गप्प परत आली. मंगळवारी, बुधवारीही तेच. मी काही विचारायचं नाही असं ठरवलं होतं आणि ते पाळणं फार जड गेलं. शनिवारी पालकसभेला तिचे वडील आणि मी वर्गातल्या लहान बाकांवर गुडघे वर करून बसलो. तिच्या वडिलांनी गावी जाण्याची तारीख मला आधीच विचारून ठेवली होती.

बाईंनी सांगितलं ते असं. गुरुवारी मुलांनी आपापली आवडती पुस्तकं बाकावर काढली होती. एका मुलाने हिचं पुस्तक उचललं आणि मोठ्याने विचारलं, हे कोणी घाण केलं? ही उभी राहिली. बाईंना वाटलं, रडेल.

"घाण नाही," ती म्हणाली. "मी रंगवलंय. ही मी आहे."

सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता, कारण तिचा आवाज कोणीच ऐकलेला नव्हता. बाईंनी तिला पुढे येऊन पुस्तक दाखवायला सांगितलं. तिने दोन पानं वाचली. एका शब्दाला अडली, थांबली, दाराकडे पाहिलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग जागेवर जाऊन बसली. त्यानंतर ती वर्गात काही बोललेली नाही. पण खालच्या वर्गाचं आता नको, बाई म्हणाल्या. वार्षिक परीक्षेपर्यंत बघू.

तिचे वडील हात चोळत बसले होते. "मग राहू दे ताई, इथेच," ते म्हणाले. "एप्रिलपर्यंत तरी."

आता ती दिवसाकाठी एखाद-दोन वाक्यं शाळेत बोलते, असं कळतं. वाचनालयातल्या चित्रांच्या पुस्तकांना मी खाकी कव्हरं घालणं बंद केलं आहे. पुस्तकं आता लवकर फाटतात, मळतात आणि मला त्याचा त्रास होतो. माझा पाय चुकून पुस्तकाला लागला तर भाची जवळपास नाही ना हे पाहून मी अजून नमस्कार करते.

आकडे मोजणं तिने सोडलं. पण सकाळी उजाडताना कधी कधी तिचं बोट माझ्या नाकाखाली येतं. मी जागीच असते. डोळे उघडत नाही. श्वास तेवढा जरा मोठा सोडते.